दाढेचं निमित्त

मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे मी माझ्या नंबरची वाट बघत बसले होते. समोर एक तरुण जोडपं होतं. तिच्या कानांवर अजून बाळंतिणीचा स्कार्फ होता आणि डोळे रडून सुजलेले. नवऱ्याचा फोन वाजला. "हो आई, पोचलो. बाळ झोपलंय ना? हिची दाढ काढावी लागेल बहुतेक," तो अगदी सहज म्हणाला.

घासात केस यावा तशी मला किळस आली. बाई आई झाली की तिचं दूध, तिचे टाके, तिचं सुटलेलं पोट यांची चौकशी चारचौघांत होते, त्यात कुणाला लाज वाटत नाही. तिला सारखं रडू येतं, एवढंच तेवढं झाकून ठेवायचं! आणि झाकणारा हा माणूस काही दुष्ट दिसत नव्हता. बायकोची पर्स मांडीवर नीट धरून बसला होता. त्याचीच मला जास्त शिसारी आली.

त्याने फोन तिच्याकडे दिला. तिचा हात आपसूक गालावर गेला. "हो आई, लवंग धरते दाढेखाली," ती म्हणाली आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली.

"आई म्हणाल्या, आज रात्री बाळाला त्या बघतील, मी झोपायचं." मग हळूच म्हणाली, "अहो, अजून आठवडाभर दाढच सांगू या का?"