शेडमधली इंग्रजी शिवी

इंग्रजी घेऊन एम.ए. केलं आणि मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांना ईमेल लिहायला लागले. कुणाचं इंग्रजी चुकलं की माझ्या कपाळाला आठी पडायचीच. कारखान्यातल्या मागांच्या शेडमध्ये तर कमालच होती. माग बंद पडला की आमचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे वयस्कर मिस्त्री, आईवरची एक इंग्रजी शिवी खणखणीत हासडायचे. तीही मागाला नाही, तो चालवणाऱ्या मैंदर्गी गावच्या कामगाराला; त्यांना सगळे मामा म्हणत. मामा जॉबरांचे वीस वर्षांपासूनचे दोस्त. हसत हसत आडव्या धाग्याचा अडकलेला धोटा सोडवायचे.

मला वाटे, काय हा अडाणीपणा! मग कळलं, ही शेडची रीतच होती. जॉबरांच्या घरी तेलुगू, मामांच्या घरी कन्नड, बाकी कुणी मराठी, कुणी दखनी. यातल्या कुठल्याही भाषेत शिवी दिली की कुणाला तरी लागायची आणि मारामारीवर यायचं. म्हणून जुन्या लोकांनी ठरवलं होतं, चिडायचं ते इंग्रजीत. मशीन बसवायला आलेल्या कुणा परदेशी इंजिनिअरकडून हा शब्द उचललेला. अर्थ कुणी विचारला नव्हता. ज्यांना पुढं मोबाईलवरून कळला, ते गालात हसून गप्प बसले.

गप्प बसवलं नाही ते मला. एक परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. त्याच्या कानावर हे पडायला नको, असं मालक म्हणाले, आणि मला तेवढं निमित्त पुरलं. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले तशी मी शेडमध्ये गेले आणि कॉलेजात शिकवावं तसा तो शब्द अर्थासकट फोडून सांगितला.

जॉबरांचा घास हातातच राहिला.

"आईवरनं?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते उठले, सगळ्यांदेखत मामांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. वीस वर्षांची दोस्ती माझ्या शहाणपणानं दोन मिनिटांत मोडायला आली होती.

मामांनी जोडलेले हात धरून खाली केले. "आरं, बस की. मला ठावं हाय. लेकीनं कवाच सांगितलंय."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुला दुसरं इंग्लिश येतंय कुटं?"

सगळे हसले. जॉबर हसले नाहीत. मामा आवाज उतरवून म्हणाले, "आई एकदा हितं आली हुती, ध्यानात हाय न्हवं? तवा तिनं इचारलं, ह्यो तुझ्यावर काय वरडतोय रं? मी म्हटलं, जेवलास का म्हणून इचारतोय. लई बरं वाटलं म्हातारीला. मरेपतूर सांगायची, त्या दोस्ताला सोडू नगंस, त्यो तुझ्या पोटाची काळजी करतोय."

जॉबर खाली बसले आणि डोळे पुसू लागले. दिवसातून दहादा आईवरची शिवी ऐकायची आणि आईच्याच मनात त्या शिवीची मायेची विचारपूस करून ठेवायची, एवढं मोठं मन मी तोवर पाहिलं नव्हतं.

"रडतोस काय?" मामा म्हणाले. "जेव की आता."