तारेत ओवलेली सिमकार्डं

आधी त्या ताईंबद्दल सांगतो, मग घटनेबद्दल. कसबा पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं कपाटाएवढं दुकान. पूर्वी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ, पुढे सिम आणि रिचार्ज. मी दहावीतून शाळा सोडून विदर्भातल्या वरुडकडून पुण्यात आलो, शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. माझ्या हातून एका निरपराध माणसाचं वाटोळं होणार होतं. ते ताईंनी टाळलं.

दोन मोबाइल कंपन्या एक झाल्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. छोट्या कंपनीच्या गिऱ्हाइकांना मुदतीत सिम बदलून घ्यायला सांगितलं होतं. त्यांची बरीच ऑफिसं बंद झाली आणि उरलेल्या ठिकाणी रांगा लागल्या. अशात कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिका पोलीस ठाण्यात आल्या. त्यांना फोन आला होता, "मॅडम, कंपनी बदलली. सिम आज बंद पडेल. मेसेजमधला आकडा सांगा." त्यांनी सांगितला आणि पेन्शनचं खातं रिकामं झालं.

तपास निरीक्षक साहेबांकडे, पळापळ माझ्याकडे. आम्ही फोन आलेल्या नंबरबद्दल कंपनीला पत्र पाठवलं. उत्तरात नाव, फोटो, कागदपत्रं सगळं आलं. नंबरचा मालक विश्रांतवाडीत राहणारा, कारखान्यात कंत्राटावर काम करणारा आणि माझ्याच मुलखातला निघाला.

त्याला चौकशीला बोलावलं. "साहेब, तो नंबर माहा नाही राह्यला आता," तो म्हणाला. "माय वारली, मी गावी होतो. मुदत निघून गेली, नंबर मेला. पहिले कसब्यात राहत होतो, तिथल्या रिचार्जवाल्या बाईजवळ जुनं सिम देऊन दिलं."

"मेलेल्या नंबरावरून फोन कसे लागतात रे?"

"थे मी कसं सांगू? पण साहेब, पुढच्या महिन्यात कायम करणार हायेत मले. पोलिसात नाव गेलं तर गेटातूनच वापस पाठवतीन."

खरं सांगतो, गाववाला होता म्हणूनच मी त्याच्याशी जास्त कडक वागलो. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणू नये ही भीती. अटकेचा कागद तयारच होता. फक्त तो म्हणतो ती बाई एकदा पाहून यावी, म्हणून निघालो.

ताईंनी मला नखशिखान्त पाहिलं. "रिचार्ज हवंय की चौकशी? चौकशी असेल तर बाजूला उभे राहा, गिऱ्हाईक अडतंय."

मी बाजूला उभा राहिलो. गर्दी सरल्यावर त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याची तार काढली. बंद पडलेलं प्रत्येक सिम चिठ्ठीला टाचून त्या तारेत ओवलेलं. चिठ्ठीवर नाव, नंबर, तारीख आणि गिऱ्हाइकाची सही. गाववाल्याचं सिमही त्यात होतं.

"हे कशासाठी जपता?"

"उद्या कुणी विचारलं, माझा नंबर कुणी मारला, तर दाखवायला नको? पूर्वी प्रत्येक कंपनीचा माणूस या पायरीवर बसून चहा पाजायचा. आम्ही जावई होतो, साहेब. आता सुना झालोय. तक्रार केली तर मशिन बोलतं. एकाने छळलं तर दुसऱ्याकडे जाते अशी धमकी तरी देता यायची, आता दुसरा उरलाय कुठे? रेंज मात्र सुधारली हो, खोटं कशाला बोला." मग चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाल्या, "नंबर कुणाच्या नावावर आहे ते विचारलंत. सध्याचं सिम कधी दिलं आणि कुणी दिलं, ते विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. ठाण्यात कंपनीचं उत्तर आलं की 'मालक सापडला' म्हणायची आमची सवय. दुसरं पत्र गेलं. उत्तर आलं: ताईंच्या चिठ्ठीवरच्या तारखेनंतर काही आठवड्यांनी, कोथरूडच्या ऑफिसातून, त्याच नावावर नवं सिम दिलेलं. त्या दिवशी गाववाला सकाळपासून दोन पाळ्या सलग कामावर होता, कारखान्याच्या हजेरीपटावर नोंद होती. सिम दिलं होतं तिथल्याच एका कर्मचाऱ्याने.

त्या कर्मचाऱ्याला ठाण्यात आणलं. मी चहा मागवला आणि विचारलं, "कंपन्या एक झाल्या, तुझं काय झालं?" तिथे तो फुटला. नोकरीवरून काढायची नोटीस हातात पडली होती. गिऱ्हाइकांचे जुने कागद टेबलातच होते, त्यातले एक वापरून त्याने मेलेला नंबर जिवंत केला. "म्हातारी माणसं रोज विचारायची, सिम बंद होईल का. भीती तयारच होती, साहेब. मी फक्त फोन लावला."

अटकेचा पहिला कागद मी फाडला. गाववाला कायम झाला. ताई मात्र साक्षीसाठी तीनदा दुकान बंद करून कोर्टात आल्या. वकिलाने विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" त्या म्हणाल्या, "तारीख लिहिण्यापुरतं." माझ्यासारख्या शाळा सोडलेल्याला ते उत्तर आयुष्यभर पुरलं. कागद नाव सांगतो, पण वस्तू आज कुणाच्या हातात आहे ते माणसालाच विचारावं लागतं. आणि विचारायला एकच खिडकी उरली, की घाबरलेला माणूस पहिल्या फोनवर विश्वास ठेवतो.

मी आभार मानायला गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, "आभार राहू द्या. तुमच्याकडे संत्र्याच्या बागा फुलतात म्हणे. पुण्याबाहेर मी आळंदीपलीकडे गेले नाही." तेव्हा 'एकदा नेतो' म्हणालो. मग नोकरी, बंदोबस्त, आणि माझंच गाव मला परकं झालं. ताई आता काठी घेऊन चालतात, तार अजून खिळ्यावर आहे. एखाद्या आंबिया बहाराला, हिवाळ्यात संत्री फुलतात तेव्हा, त्यांना घेऊन गावी जाईन. फुलांच्या वासात उभं करीन आणि सगळ्यांना सांगेन, आपल्या माणसाची भाकर यांनी वाचवली.