समितीवरची मॅडम

"वळ. सगळ्यांना दिसू दे."

एचआरच्या मॅडमनी माझा खांदा धरून मला वळवलं. लाइन थांबलेली. समोर आमच्या बायका, पलीकडं ट्रॉली ओढणारे पुरुष. माझ्या फिकट युनिफॉर्मवर मागून रक्ताचा डाग.

चाकणच्या त्या कंपनीत आम्ही गाड्यांच्या वायरी जोडायचो. दिवसभर उभ्यानं. बाथरूमला जायचं तरी सुपरवायझरला विचारायचं. सकाळपासून मी विचारत होते. तो म्हणायचा, "टार्गेट झाल्यावर जा." पायांवरून गरम ओघळ येत होते आणि हात वायरी जोडत होते.

मॅडमनी सुपरवायझरला एक शब्द विचारला नाही. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उचललं. आडनाव वाचलं. म्हणाल्या, "तुमच्यात घरी एवढंही शिकवत नाहीत का गं?"

तुमच्यात.

पुरुषांतलं कुणीतरी हसलं. मी बाथरूमकडं गेले. डाग धुतला आणि ओल्या कपड्यांत परत लाइनवर उभी राहिले.

काळेवाडीला घरी आले तेव्हा आईनं विचारलं, "तोंड का उतरलंय?"

"काही नाही."

हे 'काही नाही' मी वर्षानुवर्षं म्हणत राहिले. अंगावरून जाणं वाढत गेलं. सुट्टी मागायची भीती, दवाखान्यात सांगायची लाज. शेवटी गर्भाची पिशवीच काढावी लागली. मूल झालं नव्हतं. आता होणार नव्हतं. ती कंपनी सुटली. ती लाज मात्र मी सोबत घेऊन फिरले.

मग सरकारनं महिलांच्या आरोग्य योजनांसाठी राज्य सल्लागार समिती नेमली. कामगार बायकांचं म्हणणं ऐकायला समिती पिंपरीत आली. आमच्या कामगार संघटनेनं मला बोलायला पाठवलं.

स्टेजवर अध्यक्षबाई. त्यांच्या शेजारी त्याच मॅडम. केस पिकलेले, अंगावर भारी हातमागाची साडी. समोर पाटी: तज्ज्ञ सदस्य, उद्योग क्षेत्र. त्यांनी मला ओळखलं नाही. गोड हसून म्हणाल्या, "बोला ताई, लाजू नका. आम्ही तुमच्यासाठीच आहोत."

पोटात जे पेटलं, ते अजून विझलेलं नाही.

मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. डाग. खांद्यावरचा हात. 'तुमच्यात'. मग मॅडमकडं बोट केलं. "ह्याच त्या."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागीच गोठलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "व्यक्तिगत आरोप नकोत ताई. योजनांवर बोला."

"योजनांवरच बोलतेय बाई. ज्यांना विचारून तुम्ही योजना करणार, त्यांनी माझं रक्त गड्यांना दाखवलं."

मागून संगीता उठली. त्या दिवशी ती लाइनवर माझ्या शेजारीच होती. "खरंय," ती ओरडली. "मी होते तिथं. तेव्हा गप्प बसले. आता बसणार न्हाई."

बैठक संपल्यावर मॅडमनी मला पॅसेजमध्ये गाठलं. माझा हात धरला. "अगं, तेव्हा प्रॉडक्शनचं प्रेशर होतं. मी माफी मागते. आता हे वाढवू नकोस."

मी हात झटकला. "माफी नको. तुमची जागा पाहिजे."

मॅडम अजून समितीवर आहेत. अध्यक्षबाई म्हणतात, विचार करू. करा. आमचा करून झालाय. पुढची बैठक जिथं असेल तिथं आम्ही जाणार. थेरगावच्या, चऱ्होलीच्या, चाकणच्या बायका. मी दर वेळी माइक मागेन. नाही दिला तर तशीच बोलेन. त्यांचं नाव घेऊन, त्यांच्या तोंडावर. त्यांनी मान खाली घातली तरी थांबणार नाही. लोक सांगतात, झालं गेलं सोडून दे. माझ्या अंगातलं काढून टाकलंय, मनातलं कुणाला काढू देणार नाही. मॅडमना मी तिथून उठवणार. आणि त्या जागी लाइनवर राबलेली बाईच बसेल. दुसरं कुणी बसायला आलं, तर त्यालाही उठवू.