अप्पांचा फोटो आणि मेधाची वेबसाइट

विद्यानगरची मेधा शेतीच्या अवजारांच्या दुकानदारांसाठी वेबसाइट बनवते. याला काम म्हणतात, यावर तिच्या वडिलांचा, बाळाचार्यांचा, अजून विश्वास बसलेला नाही. दोन दुकानदारांनी तिचं काम नाकारलं, तेव्हा या निवृत्त मास्तरांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवला. तिसरंही फसलं तर फॉर्म भरायचा, असं ठरलं. मेधाला बँकेत जायचं नव्हतं, अगदी मनापासून नव्हतं.

तिसरं गिऱ्हाईक कमरीपेठेतले सदाशिवअण्णा. वेबसाइट उघडताच कैलासवासी वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, हार घातलेला फोटो स्क्रीनभर दिसला पाहिजे, ही त्यांची अट. त्याखाली कुलदैवत, मग उद्घाटनाची फीत, मग ती कापणारे पाहुणे. फोन नंबर सगळ्यांत शेवटी. "ज्याला गरज आहे तो शोधतोच की," अण्णा म्हणत.

मेधाचं म्हणणं एवढंच, की बघणाऱ्याचा चहा संपायच्या आत दुकानात काय मिळतं आणि फोन कुठे करायचा ते कळलं पाहिजे. बाकी सगळं नाकापेक्षा मोती जड.

"मग बघूच," म्हणत अण्णा तिला कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर घेऊन गेले. तिथे अळनावरकडचे एक शेतकरी, परशुराम, पोत्यात ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरचं, म्हणजे माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराचं, मोडकं पातं घेऊन बसले होते. मेधाने त्यांना चहा सांगितला आणि अण्णांच्या मनासारखी केलेली वेबसाइट मोबाईलवर उघडून दिली.

"काका, तुमचं पातं इथे मिळेल का, एवढं बघून सांगा."

परशुरामांनी स्क्रीन पाहिली. चहा खाली ठेवला. टोपी काढून मोबाईलला नमस्कार केला.

"अरेरे, अप्पा गेले? रोटाव्हेटर त्यांच्याकडूनच नेलेला की हो. आत्ता तिकडंच निघालो होतो." त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी परत दिला आणि पोतं उचललं. "आज दुकान बंदच असणार. दुसरीकडं बघतो."

अप्पांना जाऊन सहा वर्षं झाली होती. अण्णांना घाईघाईने सांगावं लागलं, की दुकान उघडं आहे आणि आपण त्यांचा मुलगा.

परशुरामांनी त्यांना नीट न्याहाळलं. "मुलगा होय? अप्पा नमस्कार नंतर घ्यायचे बघा. पायरी चढायच्या आधीच विचारायचे, काय मोडलंय?"

अण्णांना भरून आलं. भर रस्त्यात त्यांनी शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. गाडेवाला दुसरीकडे बघत राहिला.

"मेधाक्का," ते म्हणाले, "फोटो पार खाली घ्या. वर अप्पांचं ते वाक्य टाका. आपलं गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं, तेव्हा कन्नडात पण, मराठीत पण. आणि लगेच नंबर. तुमचं काम पास."

मेधाने मान डोलावली. अप्पांचं वाक्य तिने तिथेच मोबाईलवर लिहून घेतलं.

अण्णांनी परशुरामांच्या हातातलं पोतं घेतलं. वडिलांची गादी चालवायला लागल्यापासून ते गिऱ्हाइकाला आधी कंपनी विचारत, मग मॉडेल.

"काका," त्यांनी विचारलं, "काय मोडलंय?"