ऑफर शीटचे चार दिवस

अकोल्याच्या स्टेशनावर अप्पांनी माझ्या दोन्ही बॅगांची कुलुपं तीनतीनदा ओढून पाहिली. गाडी दुपारची होती आणि वीस मिनिटं लेट होती. माझी उंची पाच फूट दहा इंच, त्यामुळे प्लॅटफॉर्मवरचे निम्मे लोक माझ्याकडे बघत होते, आणि मी अप्पांकडे. वाटत होतं, हा माणूस आता काहीतरी म्हणेल. आई रडत होती. मुंबईपर्यंत सोबत येणारा मामा खाण्याची पिशवी सांभाळत होता. अप्पा कुलुपं ओढत होते. गाडी आली तेव्हा म्हणाले, "पोचलीस की कळव. पासपोर्ट पर्समध्ये ठेवू नको." बस, एवढंच. मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता, राहा. मी राहिले नसते. तरी हवा होता.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना हे समजावून सांगायला नको. जे तिकडेच राहिले त्यांना सांगते, निघणाऱ्याला नुसता निरोप नको असतो. कुणीतरी थोडं अडवावं असं वाटतं. खोटं खोटं का होईना.

स्टेट कॉलेज नावाच्या गावात, युनिव्हर्सिटीतल्या पहिल्या हिवाळ्यात, चौघींच्या अपार्टमेंटमधून निघून कॅम्पसच्या बसची वाट बघत कुडकुडताना मी मनातल्या मनात अप्पांशी भांडायचे. थांब म्हणायला काय झालं होतं? उंच मुलगी, धड स्थळ येत नाही, ती आपणहून अमेरिकेला निघाली, म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला असंच वाटलं असेल त्यांना. पुढे एमएस झालं, ॲरिझोनात चँडलरला चिप कंपनीत नोकरी लागली, तिथेच सुधीर भेटला. तो साताऱ्याचा आणि सहा फूट तीन, म्हणजे माझ्या आईच्या मते देवानेच मोजून पाठवलेला. दर दोन वर्षांनी अकोल्याला जायचे. अप्पा स्टेशनावर यायचे, परत सोडायला यायचे, कुलुपं ओढून बघायचे. तो एक प्रश्न मी कधी विचारला नाही. सहा वर्षांपूर्वी अप्पा गेले आणि तो तसाच राहिला.

आता केतकीबद्दल. आमची एकुलती एक. खाण तशी माती, सहा फूट दोन इंच. शाळेत बास्केटबॉलच्या कोचने तिला बघितलं आणि सोडलंच नाही. कॉलेज संपल्यावर मुलींच्या प्रोफेशनल लीगचा ड्राफ्ट झाला. त्यात टीम खेळाडू निवडते, खेळाडूने टीम निवडायची नसते. नशिबाने तिला इथल्याच टीमने घेतलं, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक काका विचारायचे, "केतकी काय करते हल्ली?" मी म्हणायचे, बास्केटबॉल. "ते झालंच गं, पण जॉब?" मग मी त्यांना दुसरी जिलबी वाढायचे.

चार वर्षं ती इथे खेळली. खेळली म्हणजे बहुतेक वेळ बेंचवर बसली. तिच्याच जागेवर टीमची सगळ्यात मोठी स्टार होती, त्यामुळे केतकीच्या वाट्याला मॅचमधली पाच-सहा मिनिटं यायची. ती कुढायची. आणि मी? खरं सांगते, तिच्या बेंचवर बसण्याने माझं काही अडत नव्हतं. सीझन असो नसो, टीम गावात असली की दर सोमवारी ती घरी जेवायला यायची, वरण-भातावर तूप ओतून घ्यायची आणि सोफ्यावर आडवी व्हायची. तिचे पाय सोफ्याच्या बाहेर लोंबायचे. तो सोमवार हातातून जाऊ नये, एवढीच माझी बास्केटबॉलमधली महत्त्वाकांक्षा होती.

मग तिचा पहिला करार संपला. मला वाटलं, सुटली, आता हवं तिथे जाईल. तसं नव्हतं. तिच्या एजंटने आम्हाला बसवून नियम सांगितला. टीमने तिला क्वालिफाइंग ऑफर दिली होती, म्हणजे आमचा हक्क अजून शिल्लक आहे असा कागद. त्यामुळे ती रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट झाली. बाहेर जाऊन दुसऱ्या टीमशी बोलायचं, त्यांची ऑफर शीट सही करायची, पण ती ऑफर मग जुन्या टीमसमोर ठेवायची. जुन्या टीमला चार दिवस. त्यांनी तेवढंच द्यायची तयारी दाखवली, म्हणजे मॅच केलं, तर खेळाडू त्यांचीच. तिला विचारायचं कारण नाही. सही तिने दुसऱ्यांच्या कागदावर केलेली असते आणि राहते मात्र पहिल्यांकडे.

फेब्रुवारीत ऑफर आली, पूर्व किनाऱ्यावरच्या एका टीमची, तीन वर्षांची. त्यांना ती पहिल्या पाचांत हवी होती, बेंचवर नाही. केतकीने सही केली आणि ते चार दिवस काढायला आमच्याकडे राहायला आली. इथल्या टीमने मॅच केलं तर आणखी तीन वर्षं त्याच बेंचवर बसायचं, त्याच स्टारच्या मागे. नाही केलं तर अडीच हजार मैल लांब. तिने फोन डायनिंग टेबलवर उभा ठेवला, लोणच्याच्या बरणीला टेकवून. प्रत्येक वेळी तो थरथरला की आम्ही तिघंही जेवायचं थांबायचो. एकदा माझ्या डेंटिस्टकडून रिमाइंडर आला होता, तो चुकून तिच्या नंबरवर. तिने त्या बिचाऱ्या रिसेप्शनिस्टला इतकं लागट उत्तर दिलं की मला पुढच्या खेपेला कुकीज न्याव्या लागल्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी भांडी डिशवॉशरमध्ये लावत होते, ती काउंटरला टेकून उभी राहिली.

"आई, बी ऑनेस्ट. तुला काय हवंय? त्यांनी मॅच करावं की नाही?"

"तुझ्या मनासारखं होऊ दे."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर."

"तेच आन्सर आहे," म्हणून मी नळ सोडला.

खोटं बोलले. कारण त्याच दिवशी सकाळी, ती अंघोळीला गेलेली असताना, पँट्रीशेजारच्या कपाटातल्या देवघरासमोर दिवा लावून मी माहूरच्या रेणुकेला नवस बोलले होते. आई, त्यांना मॅच करू दे, माझी पोर इथेच राहू दे, मी स्वतः माहूरला येईन, साडीचोळी देईन, ओटी भरीन. सुधीर कॉफी घ्यायला आला आणि म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हटलं, सहज. इंजिनिअर बाई मी, इतकी वर्षं चिपा बनवल्या. पण ज्या गोष्टीपुढे आपलं काही चालत नाही, तिथे हात आपोआप जोडले जातात. आणि तुमच्यापासून लपवायचं नाही, मला लाजही वाटत होती. मुलगी जे मागत होती त्याच्या बरोब्बर उलट मी मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन लावला. अकोल्यात रात्रीची जेवणं उरकलेली होती. आई त्र्याऐंशीची आहे, कान कमी, डोकं शाबूत. नातीच्या नोकरीचं काय झालं, तिने विचारलं. मी नियम समजावला. एकदा, दोनदा, मोठ्याने.

"म्हणजे दुसरे जेवढं देतात तेवढं यांनी दिलं की पोरगी यांच्याकडेच?"

"हो."

"अन् तिला विचारायचं नाही?"

"नाही."

आईने पलीकडे खुर्ची ओढून घेतली. मग म्हणाली, "तुझ्या अप्पांनी बी असंच केलं होतं न."

मी म्हटलं, काय केलं होतं?

तिने सांगितलं ते असं. माझा व्हिसा आल्यावर अप्पा आमच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. तीन खेपा घातल्या. आयुष्यात कधी कुणापुढे शब्द टाकला नाही त्या माणसाने, स्वतःच्या बढतीसाठीसुद्धा नाही. लेक्चररची जागा मिळवली, माझ्या नावाचं नेमणूकपत्र टाइप करून आणलं. स्टेशनावर ते पत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं.

"मग दिलं का नाही?"

"मी बी तेच म्हटलं घरी आल्यावर. तर म्हणे, दाखवलं अन् ती राहिली तर? मग रोज तिचं तोंड कोण बघणार?"

मी नाक ओढलं.

"रडतेस काऊन?" आई म्हणाली.

"रडत नाहीये. चिडलेय. इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?"

"सांगू नको म्हणाले होते. आज विषय निघाला म्हणून."

फोन ठेवला आणि मी गराजमध्ये जाऊन गाडीत बसले. गाडी चालू न करता. तेवीस वर्षांची होते मी तेव्हा. ते पत्र हातात पडलं असतं तर राहिले असते की काय, आता छातीठोक सांगता येत नाही. कदाचित राहिले असते आणि अप्पा म्हणाले तसंच झालं असतं. शहाणा माणूस. पण दाखवायचं तरी होतं. दाखवून फाडून टाकायचं होतं. मी तीस वर्षं असं समजून जगले की त्या माणसाला मी जड झाले होते. प्रत्येक सुट्टीत त्यांच्याशी दोन हात दूर राहून वागले. त्यांनाही ते कळत असणार, आणि तरी ते कुलुपं ओढत राहिले.

घरात आले तर पुढचा पेच. नवस बोलून बसले होते, तो मागे कसा घेतात हे मला कुणी शिकवलेलं नाही. देवीकडे कस्टमर सर्व्हिस नसते. पुन्हा दिवा लावला आणि म्हटलं, आई, मी काय बोलले ते तू ऐकलंस, आता तुला योग्य वाटेल ते कर. तरी मनाचा एक कोपरा म्हणतच होता, मॅच करू दे. तो कोपरा काही केल्या गप्प बसेना.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या जरा आधी, फोन आला. मी पोळ्या लाटत होते. केतकीने स्पीकरवर टाकला. एजंट म्हणाली, दे आर नॉट मॅचिंग. तू आता तिकडची. अभिनंदन.

सुधीरने तिला मिठी मारली, पाठ थोपटली, "चला, सुटलो" म्हणाला. ती म्हणाली, ग्रेट. थँक यू. आणि दार उघडून बाहेर ड्राइव्हवेवर गेली. मी तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला. दहा मिनिटं झाली तरी ती आली नाही. खिडकीतून दिसलं, रस्त्याच्या कडेला कर्बवर बसलीय, गुडघे पार हनुवटीपर्यंत. पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर गेले आणि शेजारी बसले.

"अजून एक दिवस होता त्यांच्याकडे," ती म्हणाली. "दे डिडन्ट ईव्हन यूज इट. फोर इयर्स, आई. एक दिवस जास्त विचार पण नाही केला."

"अगं, तुला जायचंच होतं ना?"

"हो. जायचंच होतं."

"मग?"

"मग काय. तरी."

ते "तरी" मला कुठे लागलं, सांगता येणार नाही. मला कळलं की आत्ता गप्प बसले तर हिलाही तीस वर्षं लागतील. आणि बोलले तर ती उठून जाईल, कदाचित कायमची.

"मी मॅच केलं असतं," मी म्हटलं.

"काय?"

"मी त्यांच्या जागी असते तर. कागद हातात पडल्या पडल्या. केतकी, मी देवीला नवस बोललेय, त्यांनी तुला ठेवून घ्यावं म्हणून. परवा सकाळी. आणि संध्याकाळी तुला खोटं सांगितलं."

ती माझ्याकडे वळून बघत राहिली. "यू प्रेड अगेन्स्ट मी?"

"हो."

"मी बेंचवर बसले असते. थ्री मोअर इयर्स. तुला माहितीये?"

"माहितीये."

"आणि तरी तू…"

"तरी."

समोरच्या घरातला माणूस कुत्र्याला फिरवून परत आला, त्याने हात केला, आम्ही दोघींनीही केला. केतकीचा जबडा आवळलेला होता, अप्पांचा आवळायचा तसा. मग म्हणाली, "दॅट्स सो मेस्ड अप, आई." मी म्हटलं, आहेच. आणि एकदम वाकून, तिला बरंच वाकावं लागतं, तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि रडायला लागली. लहानपणी गुडघा फुटला की रडायची तशी, आवाज काढून. मी हाताला पीठ आहे हे विसरून तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने मी तिला अप्पांच्या पत्राचं सांगितलं, सगळं.

"ही हॅड इट इन हिज पॉकेट?"

"हो."

"ही शुड हॅव शोन यू."

"तेच म्हणते मी."

मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, देवीने ऐकलं नाही तर साडी द्यायची की नाही. मी म्हटलं, द्यायची. तिने माझं नाही ऐकलं म्हणूनच द्यायची.

आता केतकी तिकडे आहे. पहिल्या पाचांत खेळते, दमते, फोनवर फार बोलत नाही. सोमवारी मी अजूनही जास्तीचं वरण करते आणि मंगळवारी सुधीर ते मुकाट्याने खातो. मला तिची आठवण येते, आणि ती मी तिला सांगते, प्रत्येक फोनवर, न लाजता. ती म्हणते, आय नो, आई. ते "आय नो" ऐकलं की मला बरं वाटतं.

घर म्हणजे काय, यावर आम्ही इकडे आलेल्यांनी भरपूर अश्रू ढाळले आहेत. अकोला की चँडलर, हा वाद मी स्वतःशी इतकी वर्षं घातला. आता घालत नाही. जिथून आपण जाऊ नये असं कुणाला तरी मनापासून वाटत होतं आणि तरी त्यांनी जाऊ दिलं, ते घर. फक्त ते वाटत होतं हे आपल्याला माहीत असावं लागतं. मला कळायला तीस वर्षं लागली. केतकीला मुदत संपायच्या आत कळलं.