हरिसिंगचा डॉक्टर मुलगा

हरिसिंगने वीस वर्षं ऊस तोडला. मानोऱ्याजवळच्या त्यांच्या तांड्यावरून दिवाळीनंतर ट्रक भरून निघायचे, त्यात तो आणि बायको मोतीबाई असायचे. एकुलता एक किशन आश्रमशाळेत. "माह्या पोराच्या हातात कोयता येनार नाही, अन् तो कोणाच्या ढोरामागंही जानार नाही," असं हरिसिंग मुकादमालाही ऐकवायचा.

किशन शिकला, दुग्धव्यवसायाचा डिप्लोमा केला आणि तीन वर्षांपूर्वी न्यूझीलंडला गेला. तिथे एका मालकाच्या सहाशे गायी होत्या. किशन मशीनवर त्यांचं दूध काढायचा, शेण धुवायचा, वासरांना पाजायचा. आईबापापासून त्याने यातलं काहीच लपवलं नव्हतं. लपवलं ते हरिसिंगने.

एका लग्नात कुणीतरी विचारलं, "किशन तिकडं काय करून राह्यला?"

"ढोराइचा डॉक्टर हाय," हरिसिंग बोलून गेला.

लगेच कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची आणली. घरी आल्यावर मोतीबाई म्हणाली, "काहून खोटं बोलले?"

"पोरगं नाही त घर खायले उठते. लोकं दोन शब्द चांगले बोलले त तुह्यं काय जाते?"

तांड्यावर हरिसिंग 'डॉक्टरचा बाप' झाला, आणि ते त्याला गोड लागलं.

यंदा श्रावणात एका सकाळी शेजारचा बाबूलाल धावत आला. त्याची पहिलारू गाय अडली होती. वासराचे दोन पाय बाहेर दिसत होते, पुढे काही सरकत नव्हतं.

"हरिभाऊ, किशनले फोन लावा. बायको म्हनते मानोऱ्याचा डॉक्टर आना, पन आपल्या घरचा डॉक्टर असतानी मी तिकडं कायले जाऊ?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबूलालच्या गोठ्याकडे जाता जाता हरिसिंगने खिशातून फोन काढला आणि लावला. आपल्या सकाळी किशनचं तिकडे दुपारचं दूध काढणं चालू असतं, तो फोन उचलत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. दोनदा लावला, तीनदा लावला. "डूटीवर असन. करन तो," तो म्हणाला. पाऊण तास गेला. गाय आडवी झाली, तिचे डोळे पांढरे दिसायला लागले. आणि हरिसिंग मनातल्या मनात म्हणत होता, किशनचा फोन येऊ नये.

फोन आला. व्हिडिओवर किशन दिसला. रबरी एप्रन, गालावर शेणाचे शिंतोडे, मागे मशीनची घरघर. गोठ्यात जमलेली माणसं पुढे वाकली.

"डॉक्टरसाहेब, आमची गाय पाहा ना!" बाबूलाल म्हणाला.

"कोन डॉक्टर?" किशन म्हणाला. "काका, मी त इथं..."

हरिसिंगच्या अंगठ्याने फोन बंद केला. "रेंज गेली," तो म्हणाला.

बाबूलालने त्याच्याकडे पाहिलं आणि मोटरसायकलला किक मारली. सरकारी डॉक्टर आले, गाय वाचली. वासरू मेलेलं निघालं. कालवड होती. "एक तास आधी बोलवलं असतं तर जगलं असतं," हात धुताना डॉक्टर म्हणाले. हरिसिंग पाणी ओतत होता. त्याने मान वर केली नाही.

दुपारी किशनचा फोन आला.

"रेंज नव्हती गेली ना, बापू?"

हरिसिंगने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाय दिसली होती मले. एवढंच सांगनार होतो, वासरू ओढू नका, डॉक्टरले बोलवा. इथं रोज पाहतो मी. तुमाले माही लाज वाटते का?"

हरिसिंगने फोन मोतीबाईच्या हातात दिला आणि तो बाहेर जाऊन बसला. वीस वर्षं मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हाही त्याला स्वतःचं तोंड असं नकोसं झालं नव्हतं.

संध्याकाळी तो बाबूलालकडे गेला. बाबूलाल गायीला कोमट पाणी पाजत होता. हरिसिंगने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, फोन आपणच बंद केला हेही.

बाबूलालची बायको दारातून म्हणाली, "मी सकाळीच म्हनत होती, मानोऱ्याचा डॉक्टर आना."

बाबूलालने बादली खाली ठेवली. "घरी जा, हरिभाऊ," एवढंच तो म्हणाला.

तांड्यावर बातमी पसरायला दोन दिवस लागले. पोहरादेवीला दर्शनाच्या रांगेत एकाने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "डॉक्टर काय म्हनते?"

"डॉक्टर नाही. दूध काढते तो. मीच खोटं बोललो होतो," हरिसिंग म्हणाला. माणूस हसला. हरिसिंग रांगेतच उभा राहिला.

किशन महिनाभर फक्त आईशी बोलला. मग एकदा मोतीबाईने फोन हरिसिंगपुढे धरला, तर स्क्रीनवर पाइपाला तोंड लावून वासरं एका ओळीत दूध पीत होती. हरिसिंग बराच वेळ पाहत राहिला.

"बापू, आहा का?"

"हाव." त्याने घसा खाकरला. "हे सारे तूच पाजतं?"

"मीच पाजतो."

"थंडी वाजत असन."

"वाजते," किशन म्हणाला.

बाबूलालच्या गोठ्यावरून जायचं झालं, तर हरिसिंग अजूनही मागच्या वाटेने जातो.