अस्वलाच्या जंगलात मी गाईडला गप्प बसवलं

उलव्याच्या आमच्या सोसायटीत बातमी लिफ्टमधून पसरते. मी ऑक्टोबरात हिमाचलला जाणार, एकटी जाणार, हे आईने फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तर तळमजला येईपर्यंत मला तीन जणांनी विचारलं, "एकटीच?" चौथ्याने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "हो, एकटीच. आणि तिथे अस्वलं आहेत."

तो पहिल्या मजल्यावरच उतरला.

यावरून मी धीट आहे असं कुणी समजू नका. मी घाबरट आहे. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघते. तुर्भ्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी खात्यात आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. लहानपणी दमा होता, त्यामुळे चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही, आत्याने घरीच शिकवलं. तिचा एक नियम होता. आपली वही आपणच लाल पेनाने तपासायची आणि चूक सापडली की तिच्याखाली सही करायची. सहा वर्षांच्या पोरीची सही! अशा शाळेतून निघालेली मुलगी कुठल्याही सहलीला सहज निघत नाही. पण सव्वीस वर्षांत जिथे जिथे गेले नाही तिथे न जायचं कारण एकच होतं, माझी भीती. त्या कारणाचा मला वीट आला होता.

पनवेलहून चंदीगडची थेट गाडी मिळते. थर्ड एसीचं तिकीट दोन महिने आधी काढा, नंतर मिळत नाही. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, ती शेवटपर्यंत पुरवून पुरवून खाल्ली. चंदीगडहून मनालीकडे जाणारी सकाळची सरकारी बस पकडली आणि औटच्या बोगद्याआधी उतरले. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर बोगद्यापलीकडे उतरावं लागेल. तिथून बंजारला छोटी बस जाते, पुढे शेअर जीप. रस्ता अरुंद आहे, खाली तीर्थन नदी. जीपवाला एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने अक्रोड सांभाळत होता. मी डोळे मिटून घेतले. "मॅडम, आँखें खोलो, पैसे पूरे नजारे के लिए हैं," तो म्हणाला.

ज्या गावात राहिले त्याचं नाव लिहीत नाही. तिथे सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत आणि मी जिच्याबद्दल लिहिणार आहे तिला तिथेच राहायचं आहे. लाकडी घर, दोन जेवणांसह दिवसाचे बाराशे रुपये. रात्रीच्या जेवणात राजमा-भात आणि सिड्डू. सिड्डू म्हणजे वाफवलेला जाड पाव, आत अक्रोडाचं सारण, वरून तुपाची धार. दोन खाल्ले तर तिसऱ्याचा विचार करू नका. मी केला.

घराचे मालक ठाकूरजी. पन्नाशीचे, डोक्यावर रंगीत पट्टीची टोपी, बोलणं गोड. गाईड हवा असं मी आधीच कळवलं होतं. सकाळी अंगणात एक बाई उभी. पस्तिशीची, डोक्याला धाटू, म्हणजे तिकडचा रंगीत रुमाल, बांधलेला, हातात तिच्याहून उंच काठी.

"ये कमला है," ठाकूरजी म्हणाले. "ट्रेनिंग किया है. थोड़ा बोलती ज्यादा है."

कमलादीदी नुसती हसली.

पहिल्या दिवशी आम्ही नदीकाठाने वरच्या वस्तीपर्यंत जाऊन आलो. चार तासांची वाट, चढ सोपा. वाटेत पोरांचं एक टोळकं भेटलं, खांद्यावर स्पीकर, त्यावर ढणढण गाणी. आता मी आमच्या नवी मुंबईच्या ट्रेक ग्रुपमध्ये तयार झालेली. आमच्याकडे दोन नियम कुणी मोडत नाही. कचरा परत आणायचा आणि जंगलात आवाज करायचा नाही. राजमाचीला असो की माहुलीला, आम्ही हळू बोलतो. मी त्या पोरांना थांबवून स्पीकर बंद करायला लावला.

"आप तो बड़ी तेज निकलीं," दीदी म्हणाली.

त्या शाबासकीने माझं डोकं फिरलं असावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या कुरणाकडे निघालो. वाट खरसूच्या रानातून जाते. खरसू म्हणजे तिकडचा ओक, ऑक्टोबरात त्याची फळं जमिनीवर पडतात. दीदी पुढे चालत होती. दर वळणाच्या आधी ती काठी दगडावर आपटायची आणि मोठ्याने ओरडायची, "हो... होओ!" मधल्या वेळात पहाडी गाणं म्हणायची, तेही खड्या आवाजात. पहिली वीस मिनिटं मी सहन केलं. मग मला ती स्पीकरवाली पोरं आठवली. त्यांना एक नियम आणि माझ्या माणसाला दुसरा, हे मला पटेना.

"दीदी," मी म्हटलं, "जंगल में शोर नहीं करना चाहिए ना? जानवरों को तकलीफ होती है."

ती थांबली. काहीतरी सांगणार होती, हे मला तेव्हाही दिसलं होतं. पण म्हणाली एवढंच, "आप कहती हैं तो चुप."

नंतर आम्ही मुकाट्याने चाललो. मला फार बरं वाटत होतं. पक्षी ऐकू येत होते. माझी नेहमीची भीती पहिल्यांदाच मागे पडली होती. साडेदहा वाजले असतील.

वळणापलीकडे अस्वल होतं. वीस पावलांवर, काळंभोर, पाठ आमच्याकडे, पुढच्या पंजांनी पाला उकरत होतं. त्याच्या मागे झाडाच्या बुंध्याला एक पिल्लू चिकटलेलं. आम्ही आल्याचं त्या आईला कळलंच नव्हतं, कारण आम्ही कळू दिलं नव्हतं. ती वळली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. छातीवर फिकट पांढरी कोर. पुस्तकात बघितली होती तशीच होती, फक्त पुस्तकातली श्वास घेत नव्हती.

"भागना नहीं," दीदी माझ्याकडे न बघता म्हणाली. तिने मला मागे ढकललं, दोन्ही हात पसरले आणि अस्वलाशी बोलायला लागली. हळू आवाजात, घरच्या गाईशी बोलावं तसं. अस्वल चार पायांवर आलं आणि सरळ आमच्या अंगावर धावलं. पाच-सहा पावलांवर थांबलं आणि जोरात फुसफुसलं. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. दीदी एक पाऊल मागे सरली, तिचा पाय ओल्या दगडावरून घसरला आणि ती हातावर पडली. कट्‌ असा आवाज मला ऐकू आला.

आता ती खाली होती आणि उभी फक्त मी.

मी काय केलं ते आत्याला सांगितलं तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती. सोसायटीच्या गेटवर कुत्री अंगावर येतात तेव्हा ओरडते तशी मी अस्वलावर ओरडले, तेही मराठीत. "ए! चल! चल निघ! जा म्हणते ना!" दीदीची काठी उचलून दगडावर आपटली. पुन्हा आपटली. पाण्याची स्टीलची बाटली आपटली. घसा फाटेपर्यंत ओरडले. अस्वलाने आमच्याकडे बघितलं, मग पिल्लाकडे. पिल्लू बुंध्यावरून सरसर खाली आलं आणि दोघं उतारावरून खाली गेली. पाल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी काठी टाकून दीदीकडे वळले. दीदीचं मनगट सुजत होतं. कपाळावर खरचटलं होतं.

"आप चिल्लाती अच्छा हैं," ती म्हणाली.

"आप चिल्ला रही थीं वो... भालू के लिए था?"

"रीछ को पता चलना चाहिए कि हम आ रहे हैं. पता हो तो वो खुद हट जाता है."

"तो मुझे बताया क्यों नहीं?"

ती ओढणीने मनगट गुंडाळत होती. गाठ मी मारली. मग तिने सांगितलं. मागच्या दोन पाहुण्यांनी लिहून ठेवलं होतं की ही बाई फार बडबड करते, हुकूम सोडते. ठाकूरजींनी बजावलं होतं, पाहुण्याला टोकायचं नाही. आणखी एक तक्रार आली की काम त्यांच्या पुतण्याला. खोऱ्याच्या या बाजूला बाई गाईड ती एकटीच.

खाली यायला चार तास लागले. प्रत्येक वळणावर मी ओरडत होते. माझा आवाज बसला तरी ओरडत होते.

जीपने तिला बंजारच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मनगटाला बारीक चीर, प्लास्टर. परत आलो तेव्हा अंगणात सात-आठ पुरुष जमले होते. बातमी आमच्या आधी पोचली होती. तिथेही लिफ्ट असावी.

"औरत को जंगल में भेजोगे तो यही होगा," एक म्हातारा म्हणाला.

"मॅडम, टेन्शन मत लीजिए," ठाकूरजी माझ्याकडे वळले. "कल से मेरा भतीजा आएगा. तगड़ा लड़का है."

दीदी भिंतीला टेकून उभी होती. ती एक वाक्य बोलली असती तर पुरे होतं, मॅडमने मला गप्प केलं. ती बोलली नाही. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरं सांगते, दोन-तीन सेकंद मला वाटलं, नाहीच बोलली तर किती सोपं आहे. मला उद्या पुतण्या मिळेल, परवा गाडी. आईला काहीच कळणार नाही.

मग मला माझाच राग आला. तो इतका आला की भीतीला जागा उरली नाही.

"गलती मेरी है," मी म्हटलं. आवाज बसलेला, त्यामुळे पुन्हा म्हणावं लागलं. "ये आवाज दे रही थीं. मैंने मना किया. मेरी वजह से रीछ सामने आया. और इन्होंने मुझे बचाया."

"अरे छोड़िए, आप मेहमान हैं," ठाकूरजी म्हणाले.

"मेहमान हूँ, इसलिए लिखकर दूँगी. रजिस्टर लाइए."

पाहुण्यांचे अभिप्राय लिहायची एक जाड वही त्यांच्याकडे असते. ते उठेनात. मी आत गेले आणि खिडकीतली वही स्वतः घेऊन आले. दुसऱ्याच्या घरात न विचारता आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी हात लावला. अंगणात सगळ्यांसमोर बसून पानभर लिहिलं, माझ्या मोडक्या हिंदीत. काय झालं, कुणी काय म्हटलं, चूक कुणाची. खाली पूर्ण नाव, सही. आणि मोठ्याने वाचून दाखवलं, म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून दोनदा.

"अब ये पढ़कर गेस्ट डरेगा नहीं?" ठाकूरजी वैतागले.

"डरना चाहिए. डरेगा तो इनकी सुनेगा. और कल मैं इन्हीं के साथ जाऊँगी, नहीं तो कहीं नहीं जाऊँगी."

"हाथ टूटा है उसका!"

"पैर ठीक हैं," भिंतीकडून दीदी म्हणाली. पुरुषांतलं कुणीतरी हसलं. तेवढ्याने अंगण जरा सैल झालं.

आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडून आलं, "उद्याच्या उद्या बस पकड आणि घरी ये. बास झालं तुझं."

"आई, मी परवाच्याच गाडीने येणार."

"अगं, अस्वल होतं ते!"

"हो. आणि ते गेलं."

फोन आत्याने ओढून घेतला. "चूक कुणाची?"

"माझी."

"मग निस्तरून ये. हिला मी बघते."

तिसऱ्या दिवशी आम्ही कुरणावर पोचलो. दीदीचा हात गळ्यात, दोघींची सॅक माझ्या पाठीवर, दोघींच्या तोंडाने "हो... होओ". अस्वल दिसलं नाही, एका झाडावर त्याच्या नखांचे ताजे ओरखडे दिसले. वर गवत पिवळं पडलं होतं, समोर बर्फाची रांग. दीदीने दशमीचा शेवटचा तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "ये तो सिड्डू से अच्छी है, पर किसी को बताना मत." इथे सांगून टाकलं, माफ कर दीदी.

घरी येऊन तीन आठवडे झाले. ट्रेक ग्रुपवर माझी गोष्ट माझ्या आधी फिरून आली होती. त्यात एका वाक्याची भर पडली होती, 'लेडी गाईड घेतली म्हणून प्रॉब्लेम झाला.' मी खरं काय ते लिहिलं. ॲडमिनने विचारलं, "कशाला स्वतःची इज्जत घालवतेस? डिलीट कर." नाही केलं. उलट ग्रुपच्या नियमांत एक ओळ घालायला सांगितली, अस्वलांच्या मुलखात आवाज करत चालायचं. त्यावर दोन दिवस वाद चालला. सह्याद्रीतला नियम सगळीकडे लागू असतो असं मानणारी मी एकटी नव्हते, हे कळून थोडं बरं वाटलं आणि जास्त काळजी वाटली.

गॅसचं बटण मी अजून तीनदा बघते. स्वप्नात अस्वल येतं. पण परत जायचं ठरलं आहे, आणि आईने 'नको' म्हणणं सोडून 'कधी' असं विचारायला सुरुवात केली आहे.

दीदीचं प्लास्टर अजून निघायचं आहे. तिला काम परत मिळालं का, हे मला लिहिता आलं असतं तर ही पोस्ट छान संपली असती. ठाकूरजी म्हणतात, "देखेंगे." पुतण्या सध्या दोन ग्रुप घेऊन गेला आहे. म्हणून तुम्हाला सांगते. त्या खोऱ्यात गेलात, कुठल्याही गावात उतरलात, तर विचारा, बाई गाईड आहे का. 'नाही' म्हणतील. चहा मागवा, अंगणात बसा आणि पुन्हा विचारा.